टाळेबंदीचा आनंद घ्या

गेटबाहेर तीन-साडेतीनशे माणसं उभी होती. गाडीतून ती गर्दी पाहून शिरीष टिळेकर मागे वळला आणि मला म्हणाला, "बघ उर्मिला. लाँचच्या दिवशी एवढी एंगेजमेंट मी आयुष्यात पाहिली नाही."

शिरीष माझा बॉस. ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. पुण्यात कर्वेनगरला एका डेंटिस्टच्या डोक्यावर आमच्या कंपनीच्या तीन खोल्या होत्या. खाली ड्रिल चालायचं आणि वर आम्ही कारखान्यांसाठी ऑनलाइन ट्रेनिंगचे कोर्स बनवायचो. म्हणजे कामगारानं मोबाइल उघडायचा, रंगीत चौकोनांवर टिचक्या मारायच्या, 'पुढे' नावाचं बटण दाबत शेवटापर्यंत जायचं आणि दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची. आठ बरोबर आली की स्क्रीनवर फुगे उडायचे आणि माणूस सुरक्षित झाला असं सगळ्यांनी समजायचं. माझ्या पदाचं नाव इन्स्ट्रक्शनल डिझायनर. आई शेजारणींना सांगायची की मुलगी इंटिरियर डिझाइन करते. तिला दुरुस्त करून करून मी दमले होते.

शिरीषच्या मांडीवर केकचा खोका होता. केकवर सुरक्षाभाऊ. सुरक्षाभाऊ म्हणजे आमच्या कोर्सातलं कार्टून: पिवळं हेल्मेट, लाल गाल आणि जगात कशाचंही दुःख नसलेला चेहरा. कारखाना सातारच्या एमआयडीसीतला, गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकून काढणारा. त्यांच्यासाठी केलेला कोर्स आदल्या संध्याकाळी सगळ्या कामगारांच्या मोबाइलवर गेला होता आणि आज आम्ही केक कापायला चाललो होतो.

"चालणार नाही, चालणार नाही!" गर्दी ओरडत होती. "टाळेबंदी चालणार नाही!"

"ऐकलंस? कोर्सचं नाव घेतायत."

"चालणार नाही म्हणतायत, शिरीष."

त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "म्हणजे लिंक ओपन होत नाहीये. सर्व्हरवाल्याला फोन लाव."

मी फोन शोधत होते तेवढ्यात माझ्या बाजूच्या काचेवर टकटक झालं. एका माणसानं आपला मोबाइल काचेला चिकटवला होता. त्यावर आमच्या सिस्टिमनं पाठवलेला मेसेज होता: 'अभिनंदन, दत्तोबा! आपल्याला टाळेबंदी लागू करण्यात आला आहे. सात दिवसांत पूर्ण करा, अन्यथा कारवाई होईल. शिकण्याचा आनंद घ्या!'

हा मेसेज कुणी लिहिला नव्हता. कोर्स कुठलाही असो, सिस्टिम रिकाम्या जागी त्याचं नाव भरायची आणि मेसेज सोडून द्यायची. एका दवाखान्यात 'मधुमेह' लागू करण्यात आला होता. एका पतपेढीत 'लाचलुचपत' लागू करण्यात आला होता आणि तिथल्या लोकांनी त्याचा आनंद घेतलाही असेल. कुणाची कधी तक्रार आली नव्हती.

पण टाळेबंदी म्हणजे मालकानं कारखान्याला कुलूप ठोकून कामगारांना बाहेर काढणं. इथं चार महिने पगारवाढीचा करार अडलेला. हा शब्द या गेटवर नुसता उच्चारला तरी पेटायला पुरे होता. आम्ही तो माणसागणिक नाव घालून, अभिनंदनासकट पाठवला होता.

"शिरीष," मी म्हटलं, "लिंक चालतेय."

* * *

तो शब्द कोर्सात कसा आला ते सांगते, नाहीतर सगळा दोष सिस्टिमवर जाईल आणि सिस्टिम बिचारी बोलू शकत नाही.

कामाच्या सुरुवातीला मला कारखाना दाखवायला इरफान मुजावर आले होते. ते तिथले सेफ्टी ऑफिसर. पन्नाशीचे, शिडशिडीत. एवढ्या खडखडाटातही आवाज न चढवता बोलायचे, त्यामुळे त्यांचं ऐकायला प्रत्येकाला जवळ जावं लागायचं. त्यांनी मला शेडच्या टोकाच्या मोठ्या प्रेससमोर उभं केलं. दुमजली घराएवढं ते धूड वरून खाली आलं की पायाखालची जमीन हलायची.

"ह्याच्या आत माणूस जातो, मॅडम," मुजावर म्हणाले. "दुरुस्तीला. मेन स्विच बंद करून जातो. पण आतला माणूस बाहेरून दिसत नाही. बाहेरचा एखादा येतो, त्याला वाटतं स्विच चुकून बंद राहिलाय. तो चालू करतो."

"मग?"

त्यांनी पलीकडच्या लहान प्रेसकडे बोट दाखवलं. तिच्यावर असंच झालं होतं. संपत घोरपडेचा उजवा हात मनगटापासून गेला होता. आता तो गेटवर बसायचा. मी येताना माझा पास त्यानंच डाव्या हातानं लिहिला होता, आणि मी मनात म्हटलं होतं, काय हे अक्षर.

यावर उपाय अगदी साधा. आत जाणाऱ्यानं मेन स्विच बंद करायचा, त्याच्या दांडीला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात घालून आत जायचं. तो बाहेर येऊन स्वतःच्या हातानं कुलूप काढेपर्यंत जगात कुणालाही ती मशीन चालू करता येत नाही. इंग्रजीत याला लॉकआउट म्हणतात. मुजावर दोन वर्षं एचआरकडे कुलपं मागत होते. आता दसऱ्यानंतरच्या सोमवारी मोठ्या प्रेसची संपूर्ण दुरुस्ती होती, माणसं दिवसभर तिच्या पोटात असणार होती. त्याआधी प्रत्येकाच्या हातात कुलूप पाहिजे, एवढं एकच त्या माणसाचं मागणं होतं.

एचआरचे मुख्य सौमित्र प्रधान. मुंबईचे, इस्त्रीचे, हसतमुख. त्यांच्या केबिनमध्ये मुजावरांनी माझ्यासमोर पुन्हा विषय काढला.

"मुजावर, तुम्ही फार हार्डवेअरमध्ये विचार करता," प्रधान म्हणाले. "कुलूप लावलं म्हणजे आपण कामगारावर अविश्वास दाखवला. आपल्याला माइंडसेट बदलायचाय. कुलूप मनाला लागलं पाहिजे."

"साहेब, मनाच्या कुलपानं मशीन थांबत नाही."

"म्हणून तर कोर्स करतोय ना!" प्रधान म्हणाले आणि माझ्याकडे बघून असे हसले की जणू मीच कुलूप आहे.

तर कुलपांऐवजी कोर्स आला. त्यात सुरक्षाभाऊ लाल कुलूप दाखवायचा, कामगारानं ते कुलूप बोटानं ओढून चित्रातल्या स्विचवर नेऊन सोडायचं, की 'शाब्बास!' असा आवाज यायचा. 'कुलूप माझं, किल्ली माझी, जीव माझा' हे घोषवाक्यही मीच लिहिलं होतं. प्रत्येकाकडे स्वतःचं लाल कुलूप असेल, असं त्यात तीनदा म्हटलं होतं. प्रत्यक्षात कारखान्यात लाल रंगाचं एकच कुलूप होतं, कॅन्टीनच्या फ्रीजचं.

कोर्सला नाव मी 'लॉकआउट' दिलं होतं. प्रधानांचा निरोप आला, कामगारांसाठी शुद्ध मराठी हवं. मी 'वीजबंदी' सुचवलं, 'यंत्रबंदी' सुचवलं. मग मुजावरांचा फोन आला.

"मॅडम, 'टाळेबंदी' करा."

"पण टाळेबंदी म्हणजे..."

"टाळं लावून बंद करणं. शब्द अचूक आहे."

"लोकांचा गैरसमज नाही ना होणार?"

"आमच्याकडं हाच शब्द चालतो, मॅडम," ते म्हणाले. स्थानिक माणूस सांगतोय म्हणून मी ऐकलं. मान्यतेसाठी कोर्स प्रधानांकडे गेला. त्यांनी तो चार मिनिटांत शंभर टक्के मार्कांनी पास केला आणि उत्तर पाठवलं, 'सुपर्ब'.

* * *

गर्दीतून गाडी कशीबशी आत आली. प्रधानांच्या केबिनमध्ये एसी चालू होता, तरी त्यांच्या शर्टाची इस्त्री गेली होती. मुजावर कोपऱ्यातल्या खुर्चीत चहात खारी बुडवून खात होते.

"हे काय करून ठेवलंत?" प्रधान आमच्यावर ओरडले. "सकाळची शिफ्ट आत आलीच नाही! मालकांचे मुंबईहून फोन येतायत. त्यांना वाटतंय, त्यांना न विचारता मीच लॉकआउट डिक्लेअर केला!"

"सर, पण रीच बघा," शिरीष म्हणाला. "एकही माणूस असा नाही की ज्यानं मेसेज उघडला नाही."

प्रधानांनी केकच्या खोक्याकडे असं बघितलं की शिरीषनं तो हळूच खुर्चीखाली सरकवला.

मग युनियनला चर्चेला बोलावलं. युनियनचे अध्यक्ष हिंदुराव जगदाळे आत आले. मुख्य फिटर, बसकं नाक, जाड भुवया. सोमवारी मोठ्या प्रेसच्या आत सगळ्यात आधी उतरणार होते ते हेच. ते खुर्चीवर बसले नाहीत. बसलं की माणूस अर्धा तयार होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"हिंदुराव, गैरसमज झालाय," प्रधान म्हणाले. "ही टाळेबंदी कंपनीची नाही. मशीनची. मशीन दुरुस्त करताना मशीनला कुलूप लावायचं, त्याला टाळेबंदी म्हणतात. पाध्ये मॅडम, सांगा यांना."

मी सांगितलं. हिंदुरावांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं. आपल्याला नवीनच ज्ञान मिळतंय असा त्यांचा चेहरा होता.

"असं व्हय," ते म्हणाले. "म्हंजी मशीनला कुलूप."

"एक्झॅक्टली!"

"कुटं हाय?"

"काय?"

"कुलूप, सायेब. ते येडं पिवळ्या टोपीचं म्हंतंय, परत्येकाला लाल कुलूप मिळंल. आमास्नी तर न्हाई मिळालं. तुमास्नी मिळालं का, मुजावरसायेब?"

मुजावरांनी नकारार्थी मान हलवली. तोंडात खारी होती.

"ते प्रतीकात्मक आहे," प्रधान म्हणाले.

"बरं. म्हंजी मशीनला लावायचं कुलूप हाय ते खोटं." हिंदुराव बोटांवर हिशेब मांडू लागले. "मग टाळेबंदी मशीनची न्हाई. पर टाळेबंदी तर लागू झालीया, मोबाइलवर अबिनंदन आलंय. मग ऱ्हायली कुणाची? कंपनीचीच की!"

"अहो, असं नाही ते!"

"आमी अडाणी मानसं, सायेब. आमास्नी डोळ्यानं दाकवा. मशीनला कुलूप लावून दाकवा, आमी गप कामावर जातो. न्हाईतर बाहेर पोरं काय ऐकत न्हाईत."

बाहेर घोषणा वाढल्या. प्रधानांचा फोन पुन्हा वाजला. पलीकडून मालकांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता, शब्द मात्र लिहिण्यासारखे नव्हते. फोन ठेवून प्रधानांनी स्टोअरकीपरला बोलावलं आणि सांगितलं, गाडी काढ, बाजारात जा, मिळतील तेवढी कुलपं घेऊन ये. दोन वर्षांत जे जमलं नाही ते जेवणाच्या सुट्टीआधी झालं. मी मुजावरांकडे बघितलं. ते बशीतला खारीचा चुरा बोटानं गोळा करत होते.

* * *

कुलपं पोत्यातून आली. पितळी रंगाची, हलकी, प्रत्येकाला दोन किल्ल्या. मोठ्या प्रेसभोवती निम्मा कारखाना जमला होता. बाकीचे दारांत आणि खिडक्यांत. मागे संपत घोरपडेही गेट सोडून आला होता.

प्रधानांना आता जरा धीर आला होता. माणसं समोर असली की त्यांना प्रेझेंटेशन आठवायचं. "मित्रांनो," त्यांनी सुरुवात केली, "सुरक्षा हा एक प्रवास आहे."

"कुलूप लावा, सायेब," हिंदुराव म्हणाले.

प्रधानांनी मेन स्विच बंद केला, दांडीला कुलूप अडकवलं, किल्ली खिशात टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिरीषनं फोटो काढला.

"झालं?" प्रधान म्हणाले. "ही टाळेबंदी."

"आता हात घाला."

"कुठे?"

हिंदुरावांनी प्रेसच्या जबड्याकडे बोट दाखवलं. "तितं. मशीन चालूच हुनार न्हाई म्हंता न्हवं? मग भ्या कशाचं. कोर्सात हायच की, कुलूप माजं, किल्ली माजी, जीव माजा."

माझं घोषवाक्य इतक्या ठिकाणी छापलं होतं, पण ते कुणी मोठ्यानं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. प्रधान माझ्याजवळ आले.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "ते कुलपाचं स्क्रीन जरा दाखवता?"

मी मोबाइलवर काढून दिलं. त्यांनी ते वाचलं, एक बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत. मग मागचं वाचलं. मग पुन्हा तेच. मी चार वर्षांत शेकडो स्क्रीन लिहिले होते, पण माझं लिखाण एवढ्या एकाग्रतेनं वाचणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता आणि नंतरही नाही. त्यांनी जाऊन कुलूप ओढून बघितलं. खिसा चाचपून बघितला. मग बाही वर केली आणि हात आत घातला.

जबड्यात मुजावरांनी आधीच लोखंडी ठोकळा उभा करून ठेवला होता, त्यामुळे काहीही झालं तरी ते धूड खाली येणार नव्हतं. हे मला माहीत होतं. प्रधानांना माहीत नव्हतं. कारण ठोकळ्याची माहिती पुढच्या स्क्रीनवर होती.

हिंदुराव पोत्याजवळ गेले. हाताला येईल ते एक कुलूप उचललं, त्याची किल्ली काढली आणि निवांत चालत मेन स्विचपाशी आले. ती किल्ली त्यांनी प्रधानांच्या कुलपात घातली आणि फिरवली. टक्. कुलूप उघडलं.

सगळी एका साच्यातली स्वस्तातली कुलपं, कुठल्याही किल्लीनं कुठलंही उघडत होतं. हिंदुरावांनी ते उघडं कुलूप बोटात अडकवून प्रधानांना दाखवलं. दुसरा हात त्यांनी स्विचच्या दांडीवर नुसता ठेवला.

प्रधानांनी हात बाहेर काढायला हवा होता. त्यांनी काढला नाही. त्यांना काढता येईना. चेहरा पांढरा पडला होता, खिशातली किल्ली त्यांनी दुसऱ्या हातानं घट्ट धरली होती आणि हात तसाच प्रेसच्या जबड्यात होता. मला हसू यायला हवं होतं. सकाळपासून मी त्या माणसाला मनात काय काय म्हटलं होतं. पण माझी नजर त्या हातावरून हलेना. तो हात कुणाचा आहे हे त्या क्षणी मला महत्त्वाचं वाटलं नाही.

"सायेब," हिंदुराव म्हणाले, एकदम मऊ आवाजात. "काडा आता हात. काय न्हाई हुत."

मुजावरांनी जाऊन त्यांचा हात धरून बाहेर काढला. प्रधान तिथंच एका खोक्यावर बसले. संपत घोरपडे पुढं आला आणि त्यानं डाव्या हातानं पाण्याचा ग्लास त्यांच्यासमोर धरला. प्रधानांनी पाणी घेतलं, संपतच्या दुसऱ्या बाहीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच बराच वेळ पाहत राहिले.

"मुजावर," ते शेवटी म्हणाले, "प्रत्येकाची किल्ली वेगळी पाहिजे. पक्की कुलपं. काय लागतील ती. सोमवारच्या आत."

"मनाला लावायची का मशीनला, सायेब?" मागून कुणीतरी विचारलं. हिंदुरावांनी वळून त्याच्यावर असे डोळे वटारले की तो गर्दीत दिसेनासा झाला. दुपारची शिफ्ट वेळेवर सुरू झाली.

* * *

निघताना मला राहवेना. शिरीष गाडीत बसून कुणाला तरी फोनवर 'वर्कफोर्स मोबिलायझेशन' असं काहीतरी सांगत होता. मी गेटशी थांबले. हिंदुराव आणि मुजावर तिथं उभे होते, संपतच्या टेबलावर आमचा केक उघडा होता आणि सुरक्षाभाऊचा एक गाल गेलेला होता.

"हिंदुराव," मी म्हटलं, "माझ्या एका शब्दामुळे तुमची सगळी माणसं घाबरली, सकाळपासून उन्हात उभी राहिली. मला फार वाईट वाटतंय. मी आधीच नीट विचारायला हवं होतं."

ते बोटाचं क्रीम पुसत माझ्याकडे बघत राहिले.

"कोन घाबरलं?"

"म्हणजे... कंपनी बंद होतेय असं वाटलं ना सगळ्यांना?"

हिंदुरावांनी मुजावरांकडे पाहिलं. मुजावर आभाळाकडे बघू लागले.

"मॅडम," हिंदुराव म्हणाले, "तीस वरसं मशीनीवर काडली. लॉकआउट कशाला म्हंत्यात ते आमास्नी कळत न्हाई व्हय? तुमचा कोर्स काल रात्रीच बगितला समद्यांनी. बराय. ते टोपीवालं जरा कमी बोलवा, बाकी बराय."

"मग ती टाळेबंदी? घोषणा?"

"आता बगा, मालक कंपनीला कुलूप ठोकाय लागला तर तो आदी अबिनंदन करंल का? आनंद घ्या म्हनंल का?" त्यांनी केकचा आणखी एक तुकडा उचलला. "यवडं तर लहान पोरालाबी कळतंय. सायबास्नी मातुर न्हाई कळलं. त्यांना वाटतंच की आमाला काय कळत न्हाई म्हनून. आमी फकस्त त्यांचा शबुद खाली पडू दिला न्हाई."

मी मुजावरांकडे वळले. "आणि तुम्ही? हाच शब्द चालतो म्हणालात."

"चालला की, मॅडम," मुजावर म्हणाले. "वीजबंदीला कोण गेटवर आलं असतं?"

मला राग यायला हवा होता. मला वापरून घेतलं होतं, शब्दासकट, सिस्टिमसकट. पण मला इतका आनंद झाला की मी त्या टेबलावरचा सुरक्षाभाऊचा उरलेला गाल उचलून खाल्ला.

* * *

सोमवारी संध्याकाळी शिरीष माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला होता. एका पुरस्कारासाठी त्याला आमच्या कोर्सची केस स्टडी पाठवायची होती, आणि ती मी लिहायची होती. तो सांगत होता, मी टाइप करत होते.

"लिही. लाँचनंतर चोवीस तासांच्या आत शंभर टक्के कामगार स्वयंस्फूर्तीनं एकत्र आले. कोर्सचं नाव प्रत्येकाच्या ओठांवर होतं. लिहिलंस? वरिष्ठ व्यवस्थापनानं स्वतः प्रात्यक्षिक केलं. फोटो आहे माझ्याकडे, प्रधान हात घालतायत तो. त्यांच्या चेहऱ्यावर काय फोकस आलाय बघ."

माझा फोन वाजला. मुजावर होते. मागे शेडचा आवाज नव्हता, म्हणजे मशीन बंद होत्या.

"मॅडम, कुलपं आली होती बरं का शनिवारी. लाल. प्रत्येकाची किल्ली वेगळी. आज सकाळपासून मोठ्या प्रेसवर पाच कुलपं लटकलेली."

"छान झालं. मग काम झालं?"

"चालू आहे," ते म्हणाले. "दुपारी नवीन इलेक्ट्रिशियन जेवून आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्विच बंद दिसला, म्हणून त्यानं दांडी ओढली."

माझा हात कीबोर्डवरून खाली आला. "आत कोण होतं?"

"हिंदुराव. कमरेपर्यंत आत."

"मुजावर, मग?"

"मग काय, दांडी हललीच नाही. कुलूप होतं ना. हिंदुराव बाहेर आले, त्याला दोन शिव्या घातल्या, पाणी प्यायले आणि परत आत गेले." त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू झाला होता, मला फोन कानाला दाबून धरावा लागला. "म्हटलं, तुम्हाला सांगावं. दुसरं कुणाला सांगणार?"

मी काहीतरी बोलले असेन, काय ते आठवत नाही. फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. खालचं ड्रिलसुद्धा थांबल्यासारखं वाटलं.

"काय गं? क्लायंटचा फोन?" शिरीष घाबरून उठला. "काही झालं का तिथं?"

"नाही," मी म्हटलं. आणि जमेल तसं सगळं सांगितलं, इलेक्ट्रिशियन, दांडी, हिंदुराव कमरेपर्यंत आत.

त्यानं नीट ऐकून घेतलं. खरंच, अगदी मनापासून. मग स्क्रीनकडे बघत थोडा वेळ विचार केला.

"हे केस स्टडीत नको घालूया," तो म्हणाला. "यात काही घडतच नाही."